वणव्याचा दिवस ओळखायचा कुणी?

२०२३च्या मार्चमध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्याचे डोंगर पेटले. ५ मार्चच्या सुमारास साट्रे-देरोडेच्या बाजूने धूर दिसू लागला आणि पुढचे दहा-बारा दिवस एका डोंगरावरची आग विझते न विझते तोच पलीकडच्या डोंगरावर धूर, असं चालू राहिलं. गोवाभर सत्तरहून अधिक ठिकाणी आगी नोंदल्या गेल्या. बंब जाईल असा रस्ता नाही आणि चढ असा, की पाणी घेऊन माणूस वर पोचेपर्यंत आग पुढे सरकलेली. शेवटी नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली. त्यांच्याखाली लोंबणाऱ्या बादल्यांतून, एका खेपेला साडेतीन हजार लिटरपर्यंत, पाणी डोंगरावर ओतलं गेलं. अभयारण्यात जायला बंदी झाली, चौकशीचे आदेश निघाले, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: आग लावली कुणी?

हा प्रश्न पुरेसा आहे का, यावरून सीमेच्या अलीकडे, महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या एका घरात दर शिमग्याला वाद होतो. काका काजू बागायतदार आहेत. बाग डोंगराच्या पायथ्याशी, आणि वरच्या बांधाला लागून वनखात्याची हद्द. पुतणी पुण्यात हवामानाच्या नोंदींवर काम करते आणि शिमग्याला न चुकता गावी येते. दोघांनाही रान जिवापाड प्रिय आहे, म्हणूनच वाद दरवर्षी नव्याने पेट घेतो.

“वणवा लागला असं म्हणूच नये,” काका म्हणतात. “वणवा लागत नाही गो, लावतात.”

त्यांच्याकडे यादी तयार असते. काजू पडायला लागली की बी दिसावी म्हणून झाडाखालचा पातेरा, म्हणजे सुका पाला, ओढून पेटवणारे. नवं गवत लवकर फुटेल म्हणून सडा जाळणारे. सावज उठवायला रानाला काडी लावणारे. मधाच्या पोळ्याला धूर देऊन चूड तिथेच टाकून येणारे. आणि विडी ओढणारे.

यादी खरी आहे. आपल्या देशातल्या जंगलांत लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या आगींच्या मुळाशी माणूसच सापडतो. सह्याद्रीवर वीज पडते ती एप्रिल-मेमध्ये वळवाबरोबर, म्हणजे ठिणगीच्या पाठोपाठ पाणीही येतं. कॅलिफोर्नियाच्या किनारी डोंगरांचं तसं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या सांता क्रूझ डोंगरांवर पावसाविना विजा पडल्या, सुट्या सुट्या आगी एकमेकींना मिळाल्या आणि सुमारे ३५ हजार हेक्टर रान जळालं. १९०२ पासून राखलेलं बिग बेसिनचं रेडवुड उद्यानही जवळपास सगळं त्यात सापडलं. आपल्याकडे अशी कोरडी वीज अपवादानेच पडते, त्यामुळे काकांचं बोट माणसाकडे वळतं यात चूक काही नाही.

पुतणीही हे नाकारत नाही. “माणूसच लावतो, मान्य. पण काका, विडी लोक बारा महिने ओढतात. पातेरा जानेवारीतही जाळतात, आणि तेव्हा आग बांधापाशी येऊन आपोआप बसते. मग मार्चच्या त्याच आठवड्यात अख्खी डोंगररांग का गेली? त्या आठवड्यात माणसं अचानक वाईट झाली?”

“मग काय झालं?”

“हवा वाईट झाली.”

तिच्याकडे हिशेब आहे. ऑक्टोबरनंतर सांगण्यासारखा पाऊस नव्हता. २०२३चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात तापलेला फेब्रुवारी ठरला. देशाच्या कमाल तापमानाची महिन्याची सरासरी साडेएकोणतीस अंशांवर गेली. कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा त्या वर्षी फेब्रुवारीतच द्यावा लागला होता. त्यात पूर्वेचा वारा लांबला. एरवी या दिवसांत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि ऊन चढलं की समुद्राकडून खारा वारा येऊन हवेत दमटपणा आणतो. तो खारा वारा त्या दिवसांत उशिरा येऊ लागला. किनाऱ्यावर घामाच्या धारा लागायच्या त्या वेळी अंग कोरडं पडत होतं.

इथे सह्याद्रीचा कडा निर्णायक ठरतो, आणि पुतणी या मुद्द्यावर थांबते ते योग्यच आहे. पूर्वेकडून येणारा वारा कड्यावरून खाली कोकणात उतरतो. उतरताना हवेवरचा दाब वाढतो आणि ती तापते. ढग-पाऊस नसेल तर हजार मीटरला जवळजवळ १० अंशांनी. चोर्ला घाटाच्या माथ्यावर हवा २६ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल, तर तीच हवा सातशे मीटर खाली पायथ्याशी पोचेपर्यंत ३३ अंशांची होते आणि आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास येते. पाण्याची वाफ कुठे गेलेली नसते, पण तापलेल्या हवेची तहान वाढलेली असते. लॉस एंजेलिसमागच्या डोंगरांतून समुद्राकडे उतरणारे सांता आना वारे याच रीतीने तापतात आणि कोरडे होतात. त्यांचा जोर आपल्या मतलई वाऱ्याच्या कित्येक पट, पण भौतिकशास्त्र तेच.

“हे तू आकड्यात सांगतेस,” काका म्हणतात. “आम्हाला सकाळी उठल्यावर कळतं. पहाटे गवतावर दव नसलं, घाटावरचा वारा दहा वाजले तरी पडला नाही आणि पातेरा पायाखाली कुरकुरायच्या ऐवजी चुरा व्हायला लागला, की त्या दिवशी काडी पेटवायची नाही. माझा बापूस नाही पेटवायचा.”

ही खूण फार नेमकी आहे. जंगलातल्या आगीचा अभ्यास करणारे सुक्या जळणाची वर्गवारी ते हवेशी किती वेळात जुळवून घेतं त्यावरून करतात. जाड ओंडक्याला महिनाभर लागतो. मनगटाएवढ्या फांदीला काही दिवस. सुकं गवत आणि पान मात्र तासाभरात हवेसारखं होतं: पहाटे दवाने मऊ असलेलं, अकराला ठणठणीत कोरडं. म्हणून जानेवारीत जी काडी फुकट जाते तीच मार्चच्या एखाद्या सकाळी डोंगर घेते. आणि म्हणूनच गवताळ उतारावर सकाळी सुरक्षित वाटलेली वाट दुपारी सुरक्षित नसते. ११ मार्च २०१८ला पश्चिम घाटातच, तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात, भटकंतीला गेलेल्यांना अशा सुक्या गवताच्या उतारावर आगीने गाठलं. वीसहून अधिक जण दगावले.

पण काकांना अजून एक गोष्ट ठाऊक आहे, जी पुतणीच्या हिशेबात सुरुवातीला नव्हती. ते सांगतात, “खारा वारा आला की सुटलो, असं तुला वाटतं. रानात उलटं आहे. सकाळभर आग खाली, बागेच्या अंगाला पसरते, हळूहळू. दुपारनंतर दर्यावरचा वारा आला की ती तोंड फिरवते आणि डोंगर चढायला लागते. मग मागे धावू नये. माणूस हरतो.”

इथे काका तज्ज्ञापेक्षा कमी नाहीत. खारा वारा दमटपणा आणतो, पण तो पोचेपर्यंत गवत वाळून गेलेलं असतं, आणि वाऱ्याची दिशा जवळजवळ उलटी झाल्याने आतापर्यंत शांत असलेली आगीची बाजू एकाएकी तिचं तोंड होते. त्यातून हा वारा चढाच्या दिशेने वाहतो. चढावर ज्वाळा वरच्या गवताच्या जवळ असतात, ते आधीच तापवून ठेवतात. ऑस्ट्रेलियातले वन-अग्नी अभ्यासक मॅकआर्थर यांनी १९६०च्या दशकात मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो: चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट. २० अंशांच्या चढाला चौपट, ३० अंशांना आठपट. सत्तरी-दोडामार्गच्या उतारांवर ३० अंश काही विशेष नाहीत. वर बांबूच्या बेटाला आग लागली की पेरं फुटतात, जळते तुकडे घरंगळत खाली येतात आणि विझवणाऱ्यांच्या पाठीमागे नवी आग सुरू होते. वनमजूर ओल्या टहाळ्यांनी गवतातली आग झोडपतात, ब्लोअरने पातेरा उडवून पट्टा मोकळा करतात. हे सगळं आग हळू असेल तरच चालतं.

मागल्या शिमग्याला पुतणीने पॅलिसेड्सच्या आगीचं उदाहरण आणलं. लॉस एंजेलिसला लागून, समुद्रावर उतरणाऱ्या सांता मोनिका डोंगरांत ७ जानेवारी २०२५ रोजी आग भडकली. सुमारे साडेनऊ हजार हेक्टर क्षेत्र, ६,८०० हून अधिक इमारती आणि १२ माणसं गेली. त्याआधीचे दोन हिवाळे चांगल्या पावसाचे होते, म्हणजे झुडूप-गवत माजलेलं. आणि मे २०२४ पासून लॉस एंजेलिस शहरात पाऊस जेमतेम चार मिलिमीटर. हवामान खात्याने आधीच सर्वांत गंभीर पातळीचा इशारा दिला होता. डोंगरांवर वाऱ्याचे झोत ताशी १३० किलोमीटरच्या वर गेले, विमानं-हेलिकॉप्टरं उतरवून ठेवावी लागली.

“आणि आता ऐका,” पुतणी म्हणाली. “तपास यंत्रणांचं म्हणणं असं, की हीच आग १ जानेवारीला, नव्या वर्षाच्या रात्री, त्याच डोंगरावर लागली होती. तेव्हा आठ एकरांत आटोक्यात आली. मुळांमध्ये धुमसत राहिली आणि सात तारखेच्या वाऱ्याने वर काढली. ठिणगी एकच. एका दिवशी आठ एकर, दुसऱ्या दिवशी तेवीस हजार. फरक कशाचा? दिवसाचा.”

काकांनी लगेच विचारलं, “एक तारखेला लावली कुणी?”

ऑक्टोबर २०२५ मध्ये एकाला अटक झाली, आग मुद्दाम लावल्याचा आरोप ठेवला गेला, हे तिला सांगावंच लागलं.

“बघ. म्हणजे हातच. आणि दुसरा दोष विझवणाऱ्यांचा. राख थंड झाली का ते बघितलं नाही.” भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, म्हणजे भाजावळ, ती झाल्यावर काका काय करतात ते त्यांनी तिथेच हात पालथा धरून दाखवलं: हाताची मागची बाजू राखेजवळ न्यायची, कारण तिला ऊब लवकर कळते, ऊब लागली तर तिथे खणायचं, पाणी घालून ढवळायचं, पुन्हा हात धरायचा. अमेरिकेतले अग्निशामकही आगीच्या कडेने असाच उघडा हात फिरवत निखारे शोधतात, हे पुतणीने सांगितलं तेव्हा काका खूश झाले, पण मुद्दा सोडला नाही.

एकाच घटनेचे हे दोन अर्थ ऐकताना कुणालाही वाटेल की दोघं अर्धं अर्धं बरोबर आहेत. या लेखकाला तसं वाटत नाही. आग लावणारा हात शोधलाच पाहिजे, पण तो शोध आग लागून गेल्यावरचा. दिवस आधी ओळखता येतो. रान वाचवायचं असेल तर वजन दिवसाच्या बाजूला जास्त पडतं. फक्त तो दिवस ओळखून करायचं काय, यावर पुतणीचं उत्तर काकांच्या उत्तरापुढे कच्चं पडतं, असं प्रामाणिकपणे म्हणावं लागेल.

तिचं उत्तर सोपं: फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंत आगीला पूर्ण बंदी. कारण तिच्या डोळ्यांपुढे दोडामार्गातलंच तिलारीचं रान आहे. याच महिन्यांत गरुड-धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, पिसं गाळून अंडी उबवते. नर फटीतून फळं भरवतो. आग आली तर ती पटकन बाहेर पडू शकत नाही. आणि सदाहरित राईला आगीची सवय नाही. तिची पानगळ दमट असते, म्हणून तिथे आग सहसा शिरत नाही. पण एकदा शिरली, मोठी झाडं मेली, की वरचं छत फाटतं, ऊन जमिनीवर येतं, गवत आणि रानमोडी घुसते आणि पुढच्या वर्षी तीच जागा सहज पेटते. दुसऱ्या आगीला पहिलीने वाट करून दिलेली असते. गोव्यातल्या २०२३च्या आगींत बाधित क्षेत्र सुमारे सव्वाचार चौरस किलोमीटर असल्याचं सरकारने सांगितलं. आकडा लहान वाटतो, पण त्यातलं किती रान राईच्या कडेचं होतं यावर खरं नुकसान ठरतं.

काका मान डोलावतात. राईला आग नको, याबद्दल त्यांचं दुमत नाही. “पण सगळं रान राई नव्हे. कुंब्याची साल बघितलीस? आग खाऊन जाड झालेली. सावरीची तशीच. हे काय कालपरवाचं आहे? आमच्या आज्यापणज्यांनी भाजावळ केली ती रान राखूनच.”

भाजावळ कशी करतात हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, जिथे करायचा त्या तुकड्यावर शेण, त्यावर कवळ म्हणजे ऐन-किंजळाच्या तोडलेल्या टहाळ्या, त्यावर पातेरा-गवत आणि सगळ्यांवर मातीचा थर. भोवती हातभर रुंद जमीन खरवडून स्वच्छ करायची. आग लावायची ती वाऱ्याच्या उलट्या बाजूने, म्हणजे तिला वाऱ्याच्या विरुद्ध सरकावं लागतं आणि ती पळत नाही, माती असल्याने भडकतही नाही. चार बाजूंना माणसं ओली टहाळी घेऊन उभी. आग बसेपर्यंत कुणी जेवायलाही जायचं नाही.

“आता काय होतं सांगू?” काका पुढे होतात. “राखीव जंगलाला धोका होईल अशी आग पेटवली की गुन्हा. कायदा १९२७चा. कायदा बरोबर आहे, मी चूक म्हणत नाही. पण पातेरा तर साफ करायलाच हवा, नाहीतर बी कशी गोळा करणार? मग माणूस काय करतो? उघड जाळलं तर नाव येईल, म्हणून दुपारी, सगळे झोपलेले असताना, काडी लावतो आणि घरी जातो. सगळ्यात वाईट वेळ, आणि राखायला कुणी नाही. तुझ्या सरसकट बंदीने ही काडी थांबणार नाही. ती अजून लपेल.”

यावर पुतणी थोडा वेळ गप्प होती. मग तिने कॅलिफोर्नियातली पद्धत सांगितली. तिथे पालापाचोळा जाळायला परवाना घ्यावा लागतो आणि परवाना असला तरी त्या दिवशी जाळायची मुभा आहे की नाही ते आधी विचारावं लागतं. हवा बघून रोज ठरतं. आगीच्या ऐन हंगामात परवानेच स्थगित होतात. आणि कोरडी हवा व जोराचा वारा एकत्र येणार असतील तर लाल इशारा निघतो. लॉस एंजेलिस भागात त्याचा एक निकष १५ टक्के किंवा त्याहून कमी आर्द्रता आणि ताशी सुमारे ५५ किलोमीटरचे झोत, असा आहे.

“आमच्याकडे पंधरा टक्के कधी होणार? तोवर बाग गेलेली असेल.”

“म्हणूनच त्यांचे आकडे उचलून चालणार नाही. आपले काढावे लागतील.”

काकांना ही पद्धत पटली आणि आता पुतणीच साशंक झाली. मुभा देऊनही आग हाताबाहेर जाते. एप्रिल २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत सरकारी वनखात्यानेच, योजना आखून, पेटवलेली आग वाऱ्याने निसटली. जानेवारीत जाळलेल्या लाकडांच्या ढिगातली दुसरी आग बर्फाखाली धुमसत राहून वसंतात वर आली आणि पहिलीला मिळाली. दोन्ही मिळून तीन लाख चाळीस हजार एकर गेले, त्या राज्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आग. “उद्या ग्रामपंचायतीने आज जाळा म्हणून सांगितलं आणि वारा फिरला, तर?”

“तर ग्रामपंचायतीची माणसं तिथे उभी असतील. आज तिथे कुणीच नसतं.”

मग गाडी इशाऱ्यावर आली. इशारे देशात नाहीत असं नाही. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींची सूचना वनखात्यांना पाठवते, आणि २०१६ पासून आग लागण्याआधीचा, हवामानावर आधारलेला धोक्याचा इशाराही देते. उपग्रहावरचा व्हिअर्स नावाचा संवेदक ३७५ मीटरच्या चौकटीत आग शोधतो. पण तो उपग्रह एखाद्या जागेवरून साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला जातो. तीनला लागलेली आग त्याला रात्री दिसते, आणि झाडांच्या छताखाली सरपटणारी पातेऱ्याची आग कधी कधी दिसतही नाही.

“फोनवर वादळाचा इशारा येतो, पावसाचा येतो, उन्हाचा येतो,” काका म्हणाले. “आज रान पेटण्याजोगं आहे, असा एकदाही आला नाही. वनखात्याला येत असेल. काडी वनखात्याच्या हातात नसते, माझ्या हातात असते.”

पुतणीने वहीत तीन आकडे लिहिले: आर्द्रता, वाऱ्याचा वेग, शेवटच्या पावसाला झालेले दिवस. काकांनी चौथा घालायला लावला, खारा वारा किती वाजता पोचणार तो. तिने सांगितलं की हाच आकडा मिळवणं अवघड आहे. किनाऱ्यावर तो नोंदला जातो, पण घाटउतारावर, आग जिथे धावते तिथे, वारा मोजणारी यंत्रं विरळाच.

“मग बसव माझ्या वरच्या बांधावर. जागा देतो,” काका म्हणाले. “पण इशारा मराठीत हवा, आणि सकाळी सातच्या आत. तू दहाला पाठवशील तर उपयोग नाही. नऊला माणसं पातेरा ओढून मोकळी झालेली असतात.”

सातच्या आत इशारा द्यायचा तर पहाटेच्या नोंदी आणि आदल्या रात्रीचं अनुमान यांवरच तो बेतावा लागेल, आणि पहाटेचं दव खाऱ्या वाऱ्याच्या वेळेबद्दल कितपत सांगतं, हे तपासायला किमान दोन-तीन हंगामांच्या नोंदी लागतील, असं पुतणीचं म्हणणं. काकांना तोवर थांबायचं नाही. दव, मतलई वारा आणि पातेरा या तीन खुणांवर यंदापासूनच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज सकाळी ‘आज जाळू नये’ लिहायला सुरुवात करावी, आणि वनरक्षकाने त्याखाली सही करावी, असं ते सरपंचांना सांगणार आहेत. वनरक्षक सही करेल का, यावर वाद अजून चालू आहे.